पाटणे फाट्याजवळचा अपघात आणि वकिलाचा शोध : एक प्रकरण अभ्यास

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या गावातून रोज सकाळी कित्येक माणसे वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडून महाराष्ट्रात कामाला जातात. कोणी शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी हलकर्णीकडे बांधकामावर. ही माणसे दिवसातून दोनदा राज्याची हद्द ओलांडतात, आणि काही बिघडले नाही तर तिची आठवणही त्यांना होत नाही. या प्रकरणातील गवंडी त्यांच्यापैकीच एक. अपघाताच्या वेळी त्याचे वय 34 होते, घरात पत्नी, दोन मुले आणि आई. त्याची हकीकत मी त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या संमतीने लिहीत आहे. नावे आणि गाव मुद्दाम दिलेले नाही. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, खात्याच्या परीक्षेसाठी कन्नड शिकलो होतो, आणि त्यामुळे निवृत्तीनंतर गावातले कन्नड कागद वाचून देण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. हे प्रकरणही तसेच, एक कागद वाचून देण्यापासून माझ्याकडे आले.

जानेवारी 2023 च्या तिसऱ्या आठवड्यात, गळीत हंगाम भरात असताना, हा गवंडी आणि त्याचा गावातलाच सहकारी एका मोटारसायकलवरून परतत होते. गाडी सहकाऱ्याची होती आणि तोच चालवत होता; गवंडी मागे बसला होता. महाराष्ट्राच्या हद्दीतला पाटणे फाटा सोडल्यावर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर टायर फुटल्यामुळे रस्त्यातच उभा होता. सात वाजून गेले होते, समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर होता, आणि मोटारसायकल मागच्या ट्रॉलीवर आदळली. सहकाऱ्याला खरचटण्यावर निभावले. गवंड्याच्या उजव्या पायाचे मांडीचे हाड आणि नडगी दोन्ही मोडले. त्याला बेळगावला आणले, मांडीत सळई घातली, 19 दिवस तो दाखल होता, आणि औषधांसह खर्च 2,35,000 रुपयांवर गेला. त्यासाठी पत्नीचे दागिने सोसायटीत गहाण पडले.

त्याच रात्री ट्रॅक्टरचालकाने चंदगड पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. जखमीच्या घरचे लोक रुग्णालयाच्या दारात उभे असताना नोंद झाली ती अशी, की मोटारसायकलस्वाराने भरधाव येऊन उभ्या ट्रॉलीला धडक दिली. भारतीय दंड संहितेच्या 279 आणि 338 या कलमांखाली (बेदरकारपणे वाहन चालवणे आणि त्यातून गंभीर दुखापत करणे) गुन्हा दाखल झाला तो सहकाऱ्यावर. जो कागद सर्वांत आधी तयार होतो तोच पुढे खरा मानला जाईल अशी सामान्य माणसाची समजूत असते, आणि या समजुतीचा पुढे फार तोटा झाला असता.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या आवारात एक गृहस्थ पत्नीला भेटला. तो मराठीत बोलला, जेवण झाले का विचारले, आणि म्हणाला की क्लेमचे सगळे आम्ही बघतो, खर्च एक रुपया नाही, पैसे मिळाल्यावर 30 टक्के द्यायचे. तिने पाच-सहा कागदांवर सह्या केल्या. त्यातले दोन पूर्ण कोरे होते. पुढे डिस्चार्ज मिळाल्यावर बिले, एक्स-रे आणि डिस्चार्जचा कागद मूळ स्वरूपात तो घेऊन गेला. एप्रिलच्या मध्यावर ती माझ्याकडे एक कन्नड कागद घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, हे काय लिवलंय तेवढं बघा की." तो टक्केवारीचा करार होता; वकील बदलल्यास 50,000 रुपये द्यावे लागतील असेही त्यात लिहिले होते. सही करताना वाचून घेतले नाही का, असे मी विचारले. ती म्हणाली, "नवरा आत पडलेला होता, मी काय वाचत बसू?" मला या उत्तरावर बोलण्यासारखे काही नव्हते, आणि आजही नाही. तिने चूक केली असे ज्यांना वाटेल त्यांनी रुग्णालयाच्या दारात तिसरा दिवस काढून पाहावा.

येथे कायद्याची बाजू स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या भागात टक्केवारी ही रीतच आहे असे मानले जाते. भारतीय वकील परिषदेच्या व्यावसायिक आचाराच्या नियमांत, 20 व्या नियमाने, निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास वकिलाला मनाई आहे. 36 व्या नियमाने स्वतः किंवा दलालामार्फत पक्षकार गोळा करण्यासही मनाई आहे. 2023 च्या दुरुस्तीने अधिवक्ता कायद्यात 45 अ हे कलम आले असून त्यानुसार अशा दलालांच्या याद्या तयार करून त्यांना न्यायालयाच्या आवारात येण्यास बंदी घालता येते. म्हणजे रुग्णालयात आपणहून आलेला माणूस कितीही गोड बोलला तरी, ज्या वकिलाच्या नावाने तो आला तो वकील पहिल्या पावलालाच नियम मोडत असतो. मी त्या माणसाला किंवा वकिलाला येथे नाव देणार नाही. वकीलपत्रावर ज्यांचे नाव होते त्यांनी हे कुटुंब कधी पाहिलेच नव्हते, एवढे नोंदवून पुढे जातो.

मी पहिल्यांदा ई-कोर्ट्सच्या सेवेवर जखमीच्या नावाने शोध घेतला. दावा दाखल झालेलाच नव्हता. जानेवारी ते एप्रिल हे तीन महिने कागद कोणाच्या तरी कपाटात पडून होते. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतील भरपाईच्या तरतुदी 1 एप्रिल 2022 पासून लागू झाल्या, आणि तेव्हापासून कलम 166 (3) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. 1994 पासून मधली बरीच वर्षे अशी मुदतच नव्हती, त्यामुळे जुने जाणकार "क्लेमला मुदत नसते" असे अजूनही सांगतात. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण ज्याचा पाय मोडला आहे त्याने त्या वादाच्या निकालावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. आमच्याकडे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा वेळ होता आणि मधे न्यायालयांची उन्हाळी सुट्टी होती.

गवंड्याचा एक मेहुणा मुंबईत असतो. त्याने फोनवर "चांगला सॉलिसिटर बघा" असे सांगितले, आणि घरात दोन दिवस हा सॉलिसिटर म्हणजे वकिलाहून मोठा कोणीतरी असावा अशी चर्चा चालली. मुंबईत सॉलिसिटर ही वेगळी परीक्षा देऊन मिळवण्याची पात्रता आहे आणि तिथल्या जुन्या पेढ्या ते नाव वापरतात. मात्र 1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकिली करण्याचा अधिकार एकाच वर्गाला दिला आहे, तो अधिवक्त्यांचा. बेळगावच्या मोटार अपघात दावे न्यायाधिकरणापुढे उभा राहणारा तो वकीलच. त्यामुळे शोध घ्यायचा होता तो वकिलाच्या पदवीचा नव्हे, त्याच्या कामाच्या सवयीचा.

वकिलांना भेटण्याआधी आम्ही आठ दिवस कागद गोळा करण्यात घालवले, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयोगी आठ दिवस ते होते. चंदगडहून फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल आणि दोन्ही वाहनांच्या विम्याच्या प्रती मिळवल्या. रुग्णालयातून बिलांच्या शिक्क्यासह दुय्यम प्रती आणि दाखल करतानाच्या पहिल्या नोंदीची प्रत घेतली. महाराष्ट्रातले पोलीस कागद मराठीत होते, आणि ते घरातल्या माणसांना स्वतः वाचता आले. अपघात हद्दीच्या अलीकडे, बाचीच्या बाजूला झाला असता तर तेच कागद कन्नडमध्ये असते आणि सगळी भिस्त दुसऱ्याच्या वाचण्यावर राहिली असती. फिर्याद नोंदवल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येही आहे. आपल्या भागातील मराठी माणसाने सही करण्यापूर्वी "मराठीत समजावून सांगा" एवढे शांतपणे म्हणावे. बेळगावच्या बहुतेक ठाण्यांत मराठी समजणारा कोणीतरी असतो.

पंचनामा मी स्वतः वाचला आणि एका ओळीवर थांबलो. मागच्या ट्रॉलीची उजवी चाके डांबरावर चार फूट आत असल्याचे आणि ट्रॉलीला मागे लाल दिवा वा रिफ्लेक्टर दिसून न आल्याचे तिथे साध्या मराठीत लिहिले होते. फिर्याद एक सांगत होती आणि त्याच गुन्ह्यातील पंचनामा दुसरे सांगत होता.

पहिले वकील शहरातले नामांकित. जमिनीच्या आणि वाटणीच्या दाव्यांत त्यांचा हातखंडा आहे आणि गावातल्या अर्ध्या घरांचे कागद त्यांच्याकडे असतात, म्हणून सगळ्यांनी त्यांचेच नाव सुचवले होते. त्यांनी पाच मिनिटांत सांगितले की अपघाताचे दावे मी करत नाही, हे काम रोज करणाऱ्याकडेच जा. त्या पाच मिनिटांसाठी मी त्यांचा ऋणी आहे. जे काम आपले नाही ते घेऊन ठेवणारे वकील मी पाहिले आहेत आणि त्यात पक्षकाराची वर्षे जातात.

दुसरे वकील कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांचे म्हणणे असे की अपघात महाराष्ट्रात, कागद मराठीत, पोलीस साक्षीदार तिथलेच, तेव्हा दावा तिकडेच दाखल करावा. कलम 166 (2) प्रमाणे दावेदाराला निवड असते: अपघात जिथे झाला तिथे, दावेदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो. त्यांचा सल्ला त्यामुळे चुकीचा नव्हता, आणि भाषेच्या दृष्टीने तो आम्हाला मोहात पाडणाराही होता. पण गवंड्याला कुबड्यांवर किती वेळा जावे लागेल, उपचार करणारे बेळगावचे डॉक्टर साक्षीला तिकडे येतील का, या प्रश्नांना त्यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. शिवाय कोल्हापूर जिल्ह्यातील निवाड्यावरचे अपील तेव्हा मुंबईला जात असे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 रोजी सुरू झाले, त्यामुळे आज हा हिशेब वेगळा करावा लागेल. बेळगावच्या निवाड्यावरचे अपील मात्र धारवाडला जाते, जिथे कर्नाटक उच्च न्यायालयाचे बेंच 2008 पासून बसते आणि 2013 पासून ते कायम झाले आहे.

जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातही आम्ही गेलो. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्नाचा विचार न करता, तर इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत वकील मिळतो; 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते. इथे दावेदार पुरुष होता आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयातून) यायला वेळ लागणार होता, म्हणून आम्ही तो मार्ग राखीव ठेवला. अपघातात पती गमावलेली स्त्री दावेदार असती तर मी तिला दुसरीकडे कुठे जाण्याआधी इथेच नेले असते.

तिसऱ्या वकील म्हणजे बेळगावात अपघाताचेच दावे चालवणाऱ्या एक बाई. त्यांचे नाव आम्हाला दुसऱ्या गावातील एका जखमी कामगाराकडून कळले, आणि त्याने "पैसे मिळाले" असे न सांगता "त्या प्रत्येक तारखेला काय झाले ते सांगत होत्या" असे सांगितले होते. त्यांनी नमस्कार झाल्यावर फाईल मागून घेतली आणि चाळीस मिनिटे वाचली. तोपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग प्रश्न सुरू झाले. दाखल करताना डॉक्टरांना अपघाताची माहिती कोणी आणि काय दिली? दारू घेतल्याची नोंद कुठे आहे का? ट्रॉल्यांचे क्रमांक ट्रॅक्टरच्या पॉलिसीत आहेत का? मोटारसायकलचा विमा फक्त थर्ड पार्टी आहे की फर्स्ट पार्टी?

हा शेवटचा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता, आणि त्यातच सगळे प्रकरण होते. मोटारसायकलची पॉलिसी केवळ थर्ड पार्टीची निघाली. अशा पॉलिसीत मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तिलक सिंग प्रकरणात 2006 मध्ये ठरवले आहे. रुग्णालयात आलेल्या माणसाने जो मसुदा करून ठेवला होता तो फिर्यादीवरून उचललेला होता. त्यात एकटा मोटारसायकलस्वार दोषी आणि त्याचीच विमा कंपनी प्रतिवादी होती. तो तसा दाखल झाला असता तर विमा कंपनी सुटली असती आणि भरपाईची जबाबदारी एकट्या सहकाऱ्यावर आली असती, म्हणजे ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही अशा दुसऱ्या गवंड्यावर. पंचनाम्याची ती ओळ वाचली गेली नसती तर ट्रॅक्टर या प्रकरणात आलाच नसता.

बाईंनी दुसरी गोष्ट समजावून सांगितली ती अशी. दोन वाहनांच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली असेल तर तो संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणा एकाकडून मागू शकतो. खेन्येई प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. म्हणून केवळ ट्रॅक्टरचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर दावा करता येईल. सहकाऱ्यालाही प्रतिवादी करावे की नाही, हा निर्णय त्यांनी कुटुंबावर सोडला आणि दोन्ही बाजू सांगितल्या. त्याला वगळले आणि न्यायाधिकरणाने सगळा दोष त्याचाच ठरवला तर हातात काहीच येणार नाही. त्याला ओढले तर तो आपल्या बाजूने साक्ष देणार नाही आणि गावातले नाते तुटेल. गवंड्याने एका वाक्यात उत्तर दिले: "त्यानंच मला खांद्यावर घेऊन गाडीत घातलं, त्याच्यावर केस नको." बाईंनी ही जोखीम एका कागदावर मराठीत लिहून, वाचून दाखवून, त्याची सही घेतली. आपल्या सल्ल्यातील धोका पक्षकाराच्या भाषेत लिहून देणारा वकील मी त्याआधी पाहिला नव्हता.

फी एकूण 45,000 रुपये ठरली: 5,000 सुरुवातीला, बाकी टप्प्याटप्प्याने, निकाल काहीही लागला तरी तीच, भाषांतर, प्रती आणि डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च वेगळा आणि पावतीसह. घरात यावर वाद झाला. हातात पैसा नसलेल्या कुटुंबाला "आता काही नको, नंतर टक्केवारी" हेच सोपे वाटते, आणि त्यांना ते सोपे का वाटते हे मला समजते. शेवटी सुरुवातीचे 5,000 ठेकेदाराने उचल म्हणून दिले.

आधीचे कागद परत मिळवण्यासाठी बाईंच्या सांगण्यावरून रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. वकिलाला फी थकली म्हणूनही पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये सांगितले आहे, आणि वकिलाच्या गैरवर्तनाबद्दल राज्य वकील परिषदेकडे अधिवक्ता कायद्याच्या कलम 35 खाली तक्रार करता येते. पत्रात या दोन गोष्टी होत्या, शिवीगाळ नव्हती. दहा दिवसांत फाईल घरी आली, कोऱ्या सह्यांच्या कागदांसह. 50,000 रुपयांचा उल्लेख पुन्हा कोणी केला नाही.

22 जून 2023 रोजी बेळगावच्या न्यायाधिकरणात दावा दाखल झाला. चंदगडच्या कागदांची इंग्रजी भाषांतरे जोडावी लागली. भाषेचा प्रश्न इथे उलट्या बाजूने आला: जे घरच्यांना वाचता येत होते ते न्यायालयासाठी भाषांतरित करायचे होते, आणि न्यायालयात जे तयार होत होते ते घरच्यांना वाचता येत नव्हते. पुराव्याचे शपथपत्र इंग्रजीत होते. बाईंनी ते सहीपूर्वी परिच्छेदागणिक मराठीत सांगितले, आणि तेव्हा एक चूक सापडली. गवंडी पायाने "अधू" असल्याचे लिहिताना तो कामच करू शकत नाही असे वाक्य आले होते. प्रत्यक्षात तो तोपर्यंत बसून करायची किरकोळ कामे करू लागला होता. ते वाक्य तसेच राहिले असते तर उलटतपासणीत त्याच्या संपूर्ण साक्षीवर शंका आली असती.

ट्रॅक्टरच्या विमा कंपनीचे म्हणणे अपेक्षित तसेच होते: फिर्याद मोटारसायकलस्वारावर आहे, त्याला पक्षकार केलेले नाही, अपंगत्व फुगवून सांगितले आहे. सहकारी साक्षीला आला. स्वतः आरोपी असूनही तो आला, आणि रस्त्यावर दिवा, दगड, झाडाची फांदी, काहीही ठेवलेले नव्हते हे त्याने मराठीत सांगितले. उलटतपासणीत त्याने वेग "चाळीसच्या आसपास" असल्याचे आणि ट्रकच्या प्रकाशाने क्षणभर दिसेनासे झाल्याचेही कबूल केले. त्याच्या या खरेपणाचा दाव्याला उपयोगच झाला असे मला वाटते. न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहिले जाते. आणि वाहन रस्त्यावर धोकादायक स्थितीत सोडण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 ची मनाई आहेच.

अपंगत्वाच्या दाखल्याबाबत बाईंनी सुरुवातीलाच एक आग्रह धरला होता: दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच हवा. उपचार न करता तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांबाबत सावध राहा, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार प्रकरणात 2010 मध्ये न्यायाधिकरणांना बजावले आहे. डॉक्टरांनी उजव्या पायाचे अपंगत्व 45 टक्के सांगितले. कर्नाटकात अशा अवयवाच्या अपंगत्वाचा एक तृतीयांश भाग संपूर्ण शरीरासाठी धरण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे 15 टक्के. पण त्याच राजकुमार निकालाप्रमाणे खरा प्रश्न कमाईच्या क्षमतेवरच्या परिणामाचा असतो. कारकुनाच्या पायातील सळई आणि गवंड्याच्या पायातील सळई एक नव्हे: गवंड्याला उकिडवे बसावे लागते, परांचीवर चढावे लागते, घमेले घेऊन तोल सांभाळावा लागतो. ठेकेदाराने हजेरीची वही आणली, तीत चौदा वर्षांची कामे होती.

2024 मध्ये लोकअदालतीत विमा कंपनीने 6,50,000 रुपये देऊ केले. घरात आनंद झाला होता. बाईंनी कागदावर आकडेमोड करून दाखवली आणि लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नसते हेही सांगितले. घ्या किंवा नका घेऊ असे त्या म्हणाल्या नाहीत. पत्नीने दागिन्यांवरचे व्याज मोजले, गवंड्याने नकार दिला. ती रात्र त्यांनी कशी काढली असेल याची मला कल्पना आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो माझ्या दारात उभा होता, चुकलो तर नाही ना, हे विचारायला.

ऑगस्ट 2025 मध्ये निवाडा झाला. मासिक मिळकत 15,000 रुपये धरली गेली. चाळिशीच्या आतील स्वतंत्र काम करणाऱ्यासाठी भविष्यातील वाढीचे 40 टक्के, जे 2017 च्या प्रणय सेठी निकालात मृत्यूच्या दाव्यांसाठी ठरले आणि 2020 च्या पप्पू देव यादव निकालाने जखमींनाही मिळू शकतात, ते धरून 21,000 झाले. 31 ते 35 वयासाठी सरला वर्मा निकालातील गुणक, म्हणजे वर्षाचे नुकसान ज्या संख्येने गुणायचे ती संख्या, 16 आहे. कमाईच्या क्षमतेचे नुकसान न्यायाधिकरणाने 20 टक्के मानले, आणि या एका बाबीखाली 8,06,400 रुपये आले. उपचाराचे 2,35,000, सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचे 90,000, वेदनांबद्दल 50,000, जगण्यातील सुखसोयी गमावल्याबद्दल 50,000, शुश्रूषा, आहार आणि प्रवासासाठी 30,000, असे मिळून 12,61,400 रुपये, दावा दाखल केल्याच्या तारखेपासून सहा टक्के व्याजासह. सहकारी पक्षकार नसल्यामुळे त्याच्या दोषाचा हिस्सा ठरवण्यात आला नाही. रुग्णालयातल्या त्या करारावर हिशेब झाला असता तर मूळ रकमेतूनच 3,78,420 रुपये गेले असते. अर्थात त्या मसुद्यावर ही रक्कम मिळालीच नसती.

अपिलाची 90 दिवसांची मुदत संपली, धारवाडला कोणी गेले नाही, आणि डिसेंबर 2025 मध्ये विमा कंपनीने व्याजासह साडेचौदा लाखांच्या आसपास रक्कम भरली. त्यातील निम्मी तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश आहे, उरलेली थेट त्याच्या बँक खात्यात जमा झाली. आज असा अपघात झाला तर मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेप्रमाणे पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोखीशिवाय मिळू शकतो, आणि कदाचित दागिने काही दिवस घरात राहतील. या घरातले दागिने जानेवारीत सुटले. सहकाऱ्यावरचा चंदगडचा गुन्हा अजून प्रलंबित आहे, आणि त्याच्या तारखेला गवंडी त्याच्याबरोबर जातो. फीचा शेवटचा हप्ता 10,000 रुपयांचा होता. त्याची मराठीत लिहिलेली पावती पत्नीने इतर कागदांबरोबर माझ्याकडे आणली, पण या वेळी वाचून घ्यायला नव्हे. ती तिने स्वतः वाचून दाखवली आणि फाईलमध्ये लावली.